मायचा लोड

१२ जुलै १९५७, शुक्रवार

काल आषाढी पौर्णिमेच्या वंदनेत माय मधेच अडकली. त्रिसरणाच्या दुसऱ्या फेरीचं ‘दुतियम्पि’ म्हणाली आणि पुढचा शब्द निघेना. छातीवर हात धरून उभी राहिली, खोकल्याची उबळ आली आणि सगळ्या वस्तीसमोर मटकन खाली बसली. मी धावले तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते.

मायला अक्षर येत नाही. पण गेल्या वर्षी नागपूरला दीक्षा घेऊन परतताना गाडीच्या डब्यात कोणी एक म्हातारा त्रिसरण-पंचशील म्हणत होता, ते तिनं पुलगाव येईपर्यंत ऐकून ऐकून पाठ केलं. तेव्हापासून आमच्या वस्तीत वंदना पुढे माय म्हणते आणि मागून सगळे म्हणतात. जिजाबाईचा आवाज नाल्यापलीकडे जातो, असं लोक सांगत. पण बावीस हंगाम तिनं कापसाच्या जिनात सरकी काढणाऱ्या रेच्यापुढे बसून काढले, तो कापूस छातीत जाऊन बसला आहे. त्यात या जूनची तापाची साथ. आडवी झाली की खोकला, म्हणून माय भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपते.

वंदना कशीबशी आटोपल्यावर पंच कमिटीचे बापूराव घरी आले. माणूस भला आहे, आवाज खाली करून बोलले, “जिजाबाई, तुम्ही आता आराम करा. दीक्षेले वर्ष होते १४ ऑक्टोबरले. बाहेरगावचे लोक येतीन. आपली धुरपता शिकेल हाय, मास्तरीण हाय. थे पुस्तिकेतून वाचन.”

माय लगेच म्हणाली, “वाचू द्या. माह्याच्यानं नाई होत आता.”

या वहीत खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला होता. चारशे माणसांसमोर आपण पांढरं लुगडं नेसून उभ्या आहोत, असं चित्रसुद्धा डोळ्यांपुढे आलं. मग मायकडे पाहिलं. ती चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत होती. मला माझी लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

१४ जुलै, रविवार

डॉक्टरांनी बाटलीभर औषध दिलं आणि सांगितलं, कापसाच्या धुळीत जायचं नाही, छाती मोकळी करायची, दम वाढवायचा. कसा वाढवायचा ते विचारलं तर म्हणाले, हळूहळू. त्यासाठी काय वर्ध्याहून डॉक्टर यायला हवा होता?

पण घरी येताना एकदम कमलाबाई आठवल्या. मे महिन्यात वर्ध्याला आम्हा शिक्षिकांचं शिबिर झालं, तिथे त्या व्यायाम शिकवत. संध्याकाळी दमलेल्या बायांना त्या जमिनीवर लोड टाकून त्यावर पाठ टेकून निजवत. कमरेपासून डोक्यापर्यंत लोड, मानेखाली घडी, गुडघ्यांखाली घोंगडीची वळकटी, हात दोन्हीकडे पसरलेले, तळवे वर. ज्यांना सपाट निजवत नाही त्यांच्यासाठी लोडाच्या डोक्याकडच्या टोकाखाली पाट आणि पाटाखाली दोन विटा. आधाराचं मत्स्यासन म्हणत त्याला. “काही करायचं नाही, छाती उघडू द्यायची आणि श्वास मोजायचा,” एवढंच त्या सांगत. तेव्हा मी मागच्या रांगेत बसून फिदीफिदी हसले होते.

मायला सांगितलं तर म्हणाली, “आता निजायले बी तुह्याजवळ शिका लागते काय वं?”

हो, लागेल. मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

१६ जुलै

बाजारातून लोड आणला. चांगला लालभडक, दोन्हीकडे गोंडे. सरळ रस्ता सोडून मुद्दाम वळसा घातला आणि मालगुजारांच्या घरासमोरून खांद्यावर घेऊन आले. त्यांच्या बैठकीत लोडाला टेकून कोण बसतं आणि खाली मातीत कोण बसायचं, हे मी लहानपणी पाहिलं आहे. कोणी काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

वस्तीत शिरले तर पोरं मागे लागली, “मास्तरणीनं लोड आणला, लोड आणला!” मला फार ताठ चालावंसं वाटलं आणि मी चालले.

मायनं लोडावरून एकदा हात फिरवला, एका टोकाला दाबून पाहिला, आणि भाकरी थापायला बसली.

२१ जुलै, रविवार

माय दोन दिवस निजली, तेही पाच-पाच मिनिटं, तोंड वाकडं करून. कालपासून लोड कोपऱ्यात उभा आहे. विचारलं तर म्हणते, “राहू दे.” काऊन राहू दे? तर, “तसंच.”

मला कारण कळलं आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला वाकून राहायला शिकवलं. लोड म्हणजे पाटलाचा, मालगुजाराचा. त्याला आपली पाठ लागली तर पाप, हे तिच्या हाडांत मुरलेलं आहे. दीक्षा घेतली तरी भीती एका वर्षात जात नाही. उद्या तिच्याशी नीट बोललं पाहिजे.

२२ जुलै

बोलले. अर्धा तास बोलले. माझं मलाच फार चांगलं वाटलं. शिबिरात वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस उगाच नव्हतं मिळालं. म्हटलं, माय, आता आपण कोणाच्या लोडापुढे खाली बसणारी माणसं नाही. ज्यांनी कापूस वेचला, ज्यांनी सरकी काढली, त्यांच्या पाठीला लोड नको, हा कुठला न्याय? तू या लोडावर निजशील त्या दिवशी तुझ्या आज्याची वाकलेली मानसुद्धा सरळ होईल.

माय सगळं ऐकत होती. मी पाणी प्यायला थांबले तशी म्हणाली, “झालं भाषण?”

“झालं.”

“मंग थे विळी इकडं दे.”

तिनं विळीनं लोडाची शिवण टरकन उसवली आणि आत हात घालून मूठभर काढून माझ्यापुढे टाकलं. पिवळट, काळ्या ठिपक्यांचा, गोळे झालेला कापूस. त्यात सरकीची टरफलं, सुतळीचे तुकडे, एक चिंधीसुद्धा.

“हे पाय. कवडी हाय निरी. बोंडात सडला थो कापूस. ढोराच्या झुलीत बी कोणी भरत नाई. मले पाठीत टोचून राह्यलं, अन् तू आज्याची मान घेऊन बसली.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू एवढी हौसीनं आणला,” माय म्हणाली, “अन् सांगू कवा? तू बोलणं थांबवशील तवा ना.”

मी ती सगळी कवडी उचलून परसात टाकली. दुकानदाराला उद्या बघते.

२३ जुलै

दुकानदाराला बघितलं. तो म्हणतो, बाई, लोड टेकायला असतो, उसवून बघायला नाही.

२८ जुलै, रविवार

आढ्याखालच्या फळीवर एक मोठं गाठोडं आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यात काय, ते आज कळलं. दरवर्षी वेचणी संपल्यावर शेतात जो सरवा राहतो, तो माय मालकाला विचारून वेचून आणत असे. त्यातला पांढराशुभ्र तेवढा निवडून ती त्या गाठोड्यात ठेवत गेली. अकरा वर्षं.

“तुह्या लग्नाच्या गादीसाठी होय थो,” ती म्हणाली. “आता तू लग्नाचं नाव काढत नाईस. उंदरं खातीन त्यापरीस काढ खाली.”

मी तिला कापसाला हात लावू देणार नव्हते, डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून मी आत, तोंडाला ओला पदर बांधून. आणि माय बाहेर अंगणात खाटेवर, वाऱ्याच्या बाजूला. तिथून हुकूम सुटत होते. “सरकी बोटानं काढ, नख नको लावू. तागा तुटते. कोंबू नको वं, थर लाव! पोत्यात चारा भरून राह्यली काय?” तिसरीच्या मुली मला घाबरतात, त्यांनी आज मला पाहायला हवं होतं.

तिला मी एक चिमूट कापूस बाहेर नेऊन दाखवला. अंगठ्यानं ओढून पाहिला आणि म्हणाली, “हा चांगला. हा मी आणला होता तू सहावीत होती तवा.” माणसानं आपल्या हाताच्या कामाला एवढं ओळखावं? मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ओल्या पदरामुळे पुसताही येईनात.

३१ जुलै

तीन दिवस संध्याकाळी दोन-दोन तास कापूस काढते आहे. आज शाळेत फळ्यासमोर खोकल्याची अशी ढास लागली की मुली पाणी घेऊन धावल्या. घसा चरचरतो, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. सहा तासांत ही गत. मायचे बावीस हंगाम, दिवसाचे दहा तास. मी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

४ ऑगस्ट, रविवार

नवा लोड झाला. खोळ माझ्या जुन्या निळ्या लुगड्याची. गोंडे नाहीत. माय त्यावर टेकली, पाटाखाली दोन विटा, गुडघ्यांखाली घोंगडी. मी तिचे हात दोन्हीकडे पसरले, तळवे उघडले. किती घट्टे आहेत त्या हातांवर! सुरुवातीला खांदे वरच राहिले, कोणी मारायला येत असल्यासारखे. मग हळूहळू ते एकेक करून खाली आले. पाच मिनिटांनी ती म्हणाली, “आता बोल, काय मोजू?”

चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर, असं सांगितलं.

८ ऑगस्ट

माय रोज सकाळी आणि दिवे लागायच्या आधी निजते. पण लक्ष देत नाही. आकडे मोजायचे सोडून तिचे ओठ सारखे हलत असतात. श्वास सोडताना काहीतरी पुटपुटते. मी दोनदा रागावले, “माय, तोंड मिट. कमलाबाई म्हणत, मन एकाच जागी ठेवायचं.” ती डोळे न उघडता म्हणते, “एकाच जागी हाय वं.”

अडाणी माणसाला शिस्त लावणं कठीण. धीर धरला पाहिजे.

१५ ऑगस्ट

शाळेचं झेंडावंदन आटोपून दहाला परत येते तर गल्लीच्या तोंडाशीच रडण्याचा आवाज. मी धावत सुटले. आवाज आमच्या घरातून येत होता. चार-पाच बाया दारात, एकीनं तर पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, आणि आत सीताबाई ऊर बडवत, “जिजाबाई गेली वं! हात पसरून पडली माही बहीण!”

सीताबाई शेजारीण, मायबरोबर एकाच रेच्यावर वर्षानुवर्षं काम केलेली. मीठ मागायला आली होती.

मी आत घुसले तेवढ्यात माय लोडावर उठून बसली. दारातली एक बाई किंचाळून मागे पळाली.

“अवं बह्याडबेलणे,” माय सीताबाईला म्हणाली, “मेलेलं माणूस पाटाखाली विटा रचून निजते काय?”

“मंग आवाज काऊन नाई दिला?”

“मधात होती मी. पुरं झाल्याशिवाय कसा देऊ?”

सीताबाईला राग आला, रडू आलं, मग हसू आलं. हसता हसता तिलाही खोकला लागला, अगदी मायसारखाच. मायनं तिला दंडाला धरलं आणि म्हणाली, “निज इथं. हात पसर. धुरपते, घोंगडी दे.” आणि मला एक शब्दही न विचारता तिला सगळं शिकवलं. खांदे कसे सोडायचे ते तर तिनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. “टोपली उतरवल्यावर कसं वाटते, तसं कर,” असं काहीतरी. सीताबाईला ते लगेच कळलं.

१ सप्टेंबर

एक वीट काढली. माय काल पहिल्यांदा अंथरुणावर कुशीला झोपली. खोकला आहे, पण सकाळी नाल्यावरून घागर घेऊन आली ती मधे न बसता.

आता सीताबाई आणि आणखी दोघी जिनातल्या बाया दुपारी येतात. मी शाळेत असते. घरी येते तेव्हा लोड उन्हात वाळत घातलेला असतो आणि माय चेहऱ्यावर मोठ्या मास्तरणीचा भाव घेऊन बसलेली असते. माझ्या उपक्रमाला वस्तीत यश येत आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

आज पुस्तिका घेऊन तालीम केली. उभं राहून, मान वर करून, स्पष्ट उच्चार. माय लोडावर होती. माझं त्रिसरण संपलं, पंचशील संपलं.

“कसं झालं?”

“शाळेत हजेरी घेऊन राह्यली काय?”

मला राग आला. म्हटलं, एकही अक्षर चुकलं नाही.

“अक्षर नाई चुकलं. पण लोकं मागून म्हणून राह्यले, त्यांच्यासाठी थांबशील का नाई? तू पुढं चालली निंगून, म्हाताऱ्या बाया राह्यल्या मागं.” मग ती तशीच निजल्या निजल्या, डोळे मिटून, म्हणू लागली. हळू आवाजात. एका श्वासात एक ओळ, मग थांबणं, तेवढा वेळ जणू सगळी वस्ती मागून म्हणते आहे, मग पुढची ओळ. दुतियम्पि आलं, गेलं. ततियम्पि गेलं. पाचही शीलं झाली. दम एकदाही तुटला नाही.

तिचे ते ओठ! सव्वा महिना मी तिला त्यावरून रागावत होते.

मी पुस्तिका पेटीत ठेवली. बापूरावांना हे सांगायला हवं. उद्या जाते.

१९ सप्टेंबर

गेले नाही. सोमवारी तपासनीस यायचे होते, मंगळवारी डोकं दुखत होतं, काल काहीच कारण नव्हतं. पांढरं लुगडं मी आधीच आणून ठेवलं आहे. तीन वेळा नेसूनही पाहिलं. माझ्यासारखी कोती मुलगी त्या माउलीच्या पोटी कशी आली?

२२ सप्टेंबर, रविवार

गेले. बापूराव मांडवासाठी बांबू मोजत होते. ऐकून विचारात पडले. “बेटा, जिजाबाईचा आवाज कोणाले नको हाय? पण तीन गावचे लोक येतीन. मधातच दम तुटला त? थे पुन्हा खाली बसली त तिले कसं वाटन, विचार कर.”

“तिचा दम तुमच्या-माझ्यापेक्षा मोठा आहे आता.”

“तू बाजूले उभी राहजो मंग, पुस्तिका घेऊन. अडकली की तू उचल.”

आनंदानं घरी येऊन सांगितलं तर माय भडकली. तिला एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“तुले कोणं सांगतलं होतं जायले? मले दम लागत होता थे खरं, पण मी मागं सरली थे तुह्यासाठी सरली! माही पोरगी चार लोकांत पुस्तक घेऊन वाचून राह्यली, थे मले पाहायचं होतं. जलमभर डोकं खाली घालून रेचा पाह्यला मी. एवढं बी पाहू देत नाईस?”

मी तिच्या कुशीत डोकं घातलं आणि मोठ्यानं रडले. तीही रडली. मग म्हणाली, “तू मोठी बह्याड हाय. आता काय नेसू मी? माह्याजवळ धड लुगडं बी नाई.”

मी पेटी उघडून पांढरं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

६ ऑक्टोबर

दसऱ्याला करावं की तारखेला, यावर पंचांची शेवटपर्यंत हुज्जत चालली होती. तारखेलाच ठरलं. दुसरी वीट निघाली, पाटही निघाला. माय आता लोडावर सपाट निजते. मला भीती वाटते आहे, तिला नाही. तिला विचारलं, एवढे लोक, घाबरशील का? म्हणाली, “लोकं तर मागून म्हणतीनच ना. मी एकटी थोडीच म्हणून राह्यली.”

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहायला बसणं शक्यच नव्हतं.

मांडव गच्च होता. गिरणीतले, दारूगोळ्याच्या डेपोतले, शेतांतले, बाहेरगावचे. माझ्या अंदाजानं चारशेच्या वर. बाया पुढे बसल्या होत्या, त्यांत सीताबाई सगळ्यांत पुढे, हात जोडायचे सोडून मायकडे टक लावून. मी पुस्तिका उघडी धरून व्यासपीठावर मायच्या उजव्या बाजूला.

पहिलं त्रिसरण झालं. आवाज जुलैपूर्वीइतका मोठा नव्हता, पण घट्ट होता. दुतियम्पि आलं तेव्हा श्वास मीच धरून ठेवला होता. ते ओलांडून ती ततियम्पिवर गेली, मग शीलं सुरू झाली. पहिलं, दुसरं, तिसरं. प्रत्येक ओळीनंतर थांबायची, म्हाताऱ्या बायांचं म्हणून होईपर्यंत.

तिसऱ्यानंतर ती थांबली आणि थांबूनच राहिली. लोकांचं म्हणून झालं, तरी तिचं चौथं येईना. बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मागे कोणीतरी कुजबुजलं. मी श्वास घेतला, बोट ओळीवर होतं, शब्द माझ्या जिभेवर आला होता. खरंच आला होता.

मायनं माझ्याकडे न पाहता तळहात वर केला.

ती अडकली नव्हती, श्वास घेत होती. खांदे खाली, मान सरळ, छाती हळूहळू वर येत होती. माझ्या मायची छाती, जी मी आयुष्यभर आत दुमडलेली पाहिली, ती चारशे माणसांसमोर उघडत होती आणि तिला मुळीच घाई नव्हती. बापूरावांनी मान मायकडे वळवली आणि हात जोडून उभे राहिले. कुजबुज थांबली. कडेवरची मुलंसुद्धा गप्प झाली. बावीस वर्षं भोंगा वाजला की माय धावत सुटायची. रेचा तिच्यासाठी एकदाही थांबला नाही. काल चारशे माणसं तिच्या एका श्वासासाठी थांबली होती.

मग तिनं चौथं शील म्हटलं. ते नाल्यापलीकडे गेलं असणार.

मी पुस्तिका मिटून काखेत धरली, पुढून खाली उतरले, सीताबाईच्या शेजारी जाऊन बसले, आणि पाचवं शील मायच्या मागून म्हटलं.